बसायला येणारा

१

सिद्धेश्वरीची शाळा सकाळच्या सत्रातली. शेवटची घंटा झाली की ती स्कूटर काढायची आणि जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटकडे निघायची. वाटेत डोक्यात तेच तेच घोळत असायचं. आज नळाला पाणी येणार आहे का, अप्पा जेवले असतील का, नागूबाईला अजून तासभर थांबवून घेता येईल का.

अप्पा म्हणजे तिचे वडील, शिवयोगी. ऐंशी ओलांडलेले. कधीकाळी गिरणीत टाइमकीपर होते, पण आता सकाळ कुठली नि संध्याकाळ कुठली, हे त्यांना उमजत नसे. विसरणं हळूहळू वाढत गेलं होतं, ते तिनं सोसलं. पण दिवाळीपासून अप्पांनी रात्रीचं झोपणं सोडलं. घरभर फिरायचे, कपाटं उघडायचे, दाराची कडी चाचपायचे, आणि ही त्यांच्या मागं मागं. उजाडता उजाडता ते आडवे व्हायचे, तेव्हा हिची शाळेला जायची वेळ झालेली असे. सिद्धेश्वरी पन्नाशीची. लग्न केलेलं नाही, भाऊ बंगळूरला. सलग झोप शेवटची कधी लागली होती ते तिला सांगता आलं नसतं. वर्गात पोरं पाढे म्हणायला लागली की ती फळ्याला टेकून उभ्या उभ्या पेंगायची, आणि घरी आल्यावर नागूबाई न बोलता तिच्या पाठीवरचा खडू झटकायची.

डॉक्टरांनी एक सुचवलं होतं. जुने फोटो दाखवत जा, माणसांची नावं विचारत जा. फोटोंना काही तोटा नव्हता. अप्पांकडे तरुणपणी एक कॅमेरा होता, आणि कसब्यातल्या ज्या बोळात त्यांची अर्धी हयात गेली त्या बोळाचे ते एकटे फोटोग्राफर होते. कुणाचं बारसं, कुणाचा नवा पंखा, नागपंचमीचा झोका, उन्हात वाळत घातलेल्या शेवया, काहीही. ते सगळे फोटो एका चादरीच्या खोक्यात भरलेले होते. जेवणं झाली की सिद्धेश्वरी खोकं घेऊन अप्पांच्या कॉटवर बसायची. अप्पा चष्मा लावायचे, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवायचे आणि नाव घ्यायचे. त्या तेवढ्या वेळात ते तिला पुन्हा आपले वडील वाटायचे.

त्या दिवशी बोळातल्या नळावरचा फोटो निघाला. बायका घागरी घेऊन ओळीनं उभ्या, त्यांत तिची आई, अव्वाही.

"ही गुरम्मा," अप्पा म्हणाले. "ही तिची सासू. ही तुझी अव्वा, पदर तोंडावर धरलाय बघ. आणि हा धुळाप्पा."

बोट नळाशेजारच्या भिंतीपाशी थांबलं होतं. तिथं कुणी नव्हतं.

"अप्पा, ती भिंत आहे."

"भिंतीला टेकूनच बसलाय की," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी पुढचा फोटो मागितला.

२

विसरणारं माणूस नसलेलंही बघतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळं सिद्धेश्वरीनं ते मनावर घेतलं नाही. पण धुळाप्पा रोज निघायला लागला. बारशाच्या फोटोत पाळण्यामागच्या पायरीवर, शेवयांच्या फोटोत बाजेच्या कडेला. ती चष्मा पुसून बघायची. पायरी मोकळी असायची, बाज मोकळी असायची.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. अप्पांचं बोट कधी हवेत पडत नव्हतं. जिथं माणूस बसू शकेल अशाच ठिकाणी ते जायचं. आणि तोच फोटो चार दिवसांनी पुन्हा दाखवला तरी त्याच ठिकाणी. सकाळी चहा घेतला की नाही हे ज्यांना आठवत नव्हतं, त्यांचं बोट दर वेळी अचूक त्याच पायरीवर.

तिनं नागूबाईला बोलावलं. नागूबाई वैरागकडची, नवऱ्यामागं शहरात आलेली. सकाळी ही शाळेत असताना अप्पांचं सगळं तीच बघायची.

"ह्या पायरीवर कुणी दिसतंय का तुला?"

नागूबाईनं फोटो खिडकीपाशी नेला, लांब धरला, जवळ धरला. "न्हाय बाई. मोकळी हाय की पायरी. का वो?"

"काही नाही," सिद्धेश्वरी म्हणाली, आणि तिला उगीचच बरं वाटलं.

३

श्रीशैलचा फोन रविवारी यायचा. तो तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. बोलणं ठरलेलं असायचं, अप्पांचं औषध, पाणी, उन्हाळा, रजा मिळत नाही. त्या रविवारी बोलायला काही नवं म्हणून तिनं धुळाप्पाची गंमत सांगितली.

पलीकडून हसू आलं नाही.

"त्यात काय," श्रीशैल म्हणाला. "धुळाप्पा होताच की आपल्या बोळात."

"कोण होता?"

"अगं, आपला धुळाप्पा. बसायला यायचा."

"कुठं बसायला?"

"कुणाच्याही घरी. घरात कुणी दुखणाईत असलं की यायचा, उशापाशी बसायचा. तू लहान होतीस, तुझ्या लक्षात नसेल."

आई गेली तेव्हा सिद्धेश्वरी नऊ वर्षांची होती. बोळातली सगळी माणसं तिला आठवत होती. कुणाची शेळी कुठं बांधलेली असायची तेही आठवत होतं. तिनं नळावरच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला आणि भावाला पाठवला. कुठं आहे ते दाखव, म्हणाली.

थोड्या वेळानं फोटो परत आला. श्रीशैलनं त्यावर बोटानं लाल गोल काढला होता. गोलाच्या आत भिंत होती, चुना उडालेली, खालून ओल आलेली. ती तो गोल मोठा करून बघत राहिली. मोठा करत गेली तसे भिंतीचे नुसते ठिपके झाले.

स्वतःला समजावायला तिच्याकडे कारणं होती. अप्पांनी कधीतरी श्रीशैलला हेच फोटो दाखवले असतील, तेव्हा हेच नाव सांगितलं असेल. ऐकलेलंच माणसाला पाहिल्यासारखं वाटतं. शाळेतल्या पोरांचं ती रोज बघत होती. एकानं बाथरूममध्ये साप पाहिला की संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गानं पाहिलेला असायचा.

४

बोळातली जुनी माणसं आता फारशी उरली नव्हती. गुरम्मा तेवढी होती, त्याच घरात, लेकासुनेजवळ. एका संध्याकाळी नागूबाईला थांबवून सिद्धेश्वरी कसब्यात गेली. या वेळी तिनं नाव सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पर्समध्ये एकच फोटो होता. आईचा शेवटचा. थंडीचे दिवस, आईला उन्हासाठी बाजेवर दारात आणून निजवलेलं, अंगावर चादर, आणि बाजेशेजारी एक लोखंडी घडीची खुर्ची. खुर्ची रिकामी.

गुरम्मानं फोटो मांडीवर घेतला आणि पदरानं पुसला.

"तुजी अव्वा," ती म्हणाली. "काय हाल झाले गं तिचे." मग तिचं बोट खुर्चीवर गेलं. "हा होता म्हणून निभावलं तवा."

"हा कोण?" सिद्धेश्वरी पुढं वाकली.

"धुळाप्पा न्हवं का. आसं काय करतीस? माज्या सासूच्या टायमाला बी त्योच की. म्हातारी अंथरुणाला खिळली हुती. हगणंमुतणं सगळं मी केलं, मला तर उभ्यानं झोप यायची. मग एक दिवस ह्यो आला. खुर्ची वडून बसला उशाला. म्हनला, जावा तुमी, पडा. काय झोप लागली गं मला. तसली झोप जन्मात न्हाय लागली."

"मग?"

"मग काय. उठून बघती तर म्हातारी गेलेली. तोंड कसं शांत. सुटली बिचारी."

"आणि अव्वाच्या वेळी?"

"तवा बी तसंच."

रस्त्यावरून कुणाचीतरी मोटारसायकल गेली. सिद्धेश्वरीनं विचारलं, "काकू, दिसायला कसा होता तो?"

गुरम्मानं तोंड उघडलं आणि ती थांबली. फोटोकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं. "कसा म्हंजे… आपल्यातलाच की. चारचौघांसारका."

"राहायचा कुठं?"

"हितंच. ह्या…" गुरम्माचा हात दाराबाहेर वळला, एका घराकडे गेला, तिथून दुसऱ्या घराकडे, आणि तसाच खाली आला. तिच्या चेहऱ्यावर जरा गोंधळ दिसला. मग ती सिद्धेश्वरीकडे निरखून बघायला लागली.

"तुला दिसत न्हाय व्हय गं त्यो? डोळे दाकवून घे यव्वा. लई थकल्यासारकी दिसतीस."

५

डोळे तिनं खरंच दाखवले. चष्म्याचा नंबर थोडा वाढला होता. नव्या चष्म्यातून खुर्चीची लोखंडी नक्षी स्वच्छ दिसायला लागली, आणि खुर्ची रिकामीच होती.

त्यानंतरच्या एका दुपारी वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला, आणि तो थांबल्यावर खोलीत एकदम इतकं गप्प झालं की अप्पांचा श्वासही ऐकू यायला लागला. खोकं दोघांच्या मध्ये उघडं होतं. अप्पा त्यात न बघता तिच्याकडे बघत होते. डोळे स्वच्छ, पूर्वीसारखे.

"सिद्धव्वा," ते म्हणाले, "तुला तो दिसत नाही ना?"

"नाही अप्पा."

"बरं आहे. बघू नको."

तिनं खोक्यावरचा हात तसाच ठेवला. बोललं तर हा धागा तुटेल असं तिला वाटलं.

"कॅमेऱ्यातनं बघायचो तेव्हा तो नसायचा," अप्पा सावकाश म्हणाले. "मी नीट बघूनच बटण दाबायचो की. फोटो धुऊन आले की असायचा. पहिल्यांदा गुरम्माच्या सासूच्या फोटोत आला. मला वाटलं, रीळ खराब. बोळात सगळ्यांना दाखवला, म्हटलं हा कोण माणूस? तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. चार दिवसांनी सगळ्यांना माहीत होता, आधीच्या फोटोंतही दिसत होता. कुणाला त्यानं लहानपणी खांद्यावर घेतलेलं, कुणाच्या बापाचा तो दोस्त."

"आणि तुम्हाला?"

"मला उशिरा आठवायला लागला. तुझी अव्वा पडून होती, मी रात्र रात्र जागा असायचो, तेव्हा." अप्पांनी हात चादरीवर फिरवला. "ती गेल्यावर मी कॅमेरा विकून टाकला."

मग त्यांनी तिचं मनगट धरलं. पकड बारीक, पण घट्ट होती. "मी आजारी आहे असं कुणाला सांगू नको."

वीज आली, पंखा फिरायला लागला. अप्पांनी वर बघितलं आणि विचारलं, "पाळी कुठली चालू आहे? भोंगा झाला का?"

६

त्याच दिवशी सिद्धेश्वरीनं खोकं बांधून माळ्यावर टाकलं. भ्रमिष्ट म्हाताऱ्याचं बोलणं, असं ती स्वतःला सांगत होती, आणि सांगता सांगता स्टुलावर चढून खोकं आणखी आत ढकलत होती.

पण फोटो बंद झाले आणि अप्पांच्या दुपारीही रात्रीसारख्या झाल्या. शाळेतून येऊन भाकरीचा तुकडा तोंडात टाकते तोवर ते दाराशी उभे. कडी वाजवायचे, घरी जायचंय म्हणायचे. एकदा त्यांनी तिच्यावर हात उगारला. ती न्हाणीघरात जाऊन बादलीवर बसली आणि पाण्याचा नळ मोठा सोडून रडली, आणि पाणी वाया जातंय म्हणून लगेच बंद केला.

आठवड्याभरात ती घरी आली तर घर शांत होतं. अप्पा कॉटवर बसले होते आणि नागूबाई त्यांच्यासमोर जमिनीवर. खोकं दोघांच्या मध्ये.

"मीच काडलं बाई," नागूबाई म्हणाली. "रोजच काडती आता, तुमी साळंला गेल्यावर. त्यास्नी बरं वाटतं. लई गोष्टी सांगत्यात." तिच्या हातात बारशाचा फोटो होता. ती तो बघत हसली. "ह्यो धुळाप्पा लई भला मानूस हुता न्हाय? बसलाय बगा कसा पायरीवर, पोरावानी."

सिद्धेश्वरीनं पर्स खाली ठेवली. "नागू, तूच म्हणाली होतीस, पायरी मोकळी आहे."

"मी?" नागूबाईनं तिच्याकडे खरोखरच्या नवलानं बघितलं. "न्हाय वो बाई. मी आन् कवा?"

सिद्धेश्वरीला वाद घालायचं त्राण नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं आमटी गरम करायला ठेवली. तेवढ्यात अप्पांच्या खोलीतून फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. सावकाश, थांबत थांबत, कुणाची झोप मोडू नये म्हणून ओढावी तसा. नागूबाईला हाक मारायला ती वळली, तर नागूबाई तिच्या मागंच ताट घेऊन उभी होती.

अप्पा एकटेच होते, आडवे, डोळे मिटलेले. खिडकीशी असायची ती प्लास्टिकची खुर्ची उशापाशी होती. त्यांनीच ओढली असणार. रात्री कपाटं हलवतात, खुर्ची हलवायला कितीसा जोर लागतो. तिनं ती उचलून पुन्हा खिडकीशी ठेवली, आणि ठेवताना तोंड दुसरीकडे केलं.

७

उन्हाळा लागला आणि अप्पा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो उजेडाला धरला, वय विचारलं, आणि ऑपरेशन झेपणार नाही, घरीच सांभाळा, असं सांगितलं. आता फिरणं थांबलं. त्याऐवजी रात्रभर कण्हणं सुरू झालं. कूस बदलायची, चादर बदलायची, पाठीला पावडर लावायची. ते संपेपर्यंत पुन्हा कूस बदलायची वेळ. पाठीला जखम झाली होती, तिचा वास अगरबत्तीनं जात नव्हता.

श्रीशैलनं कळवलं, अप्पांचा एक फोटो पाठव, बघावंसं वाटतंय. तिनं दारात उभं राहून मोबाइलवर फोटो काढला आणि पाठवला. उत्तर लगेच आलं.

"धुळाप्पा अजून येतो? बरं झालं. तुला तेवढाच आधार."

तिनं पाठवलेला फोटो उघडला. अप्पा, सलाईनची काठी, औषधांचं स्टूल, रिकामी प्लास्टिकची खुर्ची. खुर्ची उशापाशी होती. तिनं फोन लावला.

"तुला नक्की काय दिसतंय श्री?"

"बसलाय तो. का?"

"श्री, तो इथं नाहीये. इथं मी एकटी आहे. नागू हल्ली सहापर्यंत थांबते, मग मी एकटी."

श्रीशैल म्हणाला, "चिडू नको. मला फक्त बरं वाटलं. आपण नाही तर निदान कुणीतरी आहे तिथं, असं." "मला रजा नाही गं मिळत."

तिला रागवायचं होतं. राग यायलाही अंगात काही लागतं. तिनं फोन ठेवला, खुर्ची गॅलरीत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि गॅलरीच्या दाराला कडी घातली. त्या रात्रीपासून ती स्वतः अप्पांच्या उशापाशी, कॉटच्या कडेवर बसायला लागली. ती जागा मोकळी राहू द्यायची नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. का, ते ती स्वतःलाही मोठ्यानं सांगत नव्हती.

८

परीक्षेचे पेपर तपासायला घरी आणले होते. नागूबाई भाचीच्या लग्नाला वैरागला गेलेली, त्यामुळं सिद्धेश्वरीनं रजा टाकली होती. दुपारची वेळ. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. अप्पांना पेज भरवून, तोंड पुसून ती बाहेरच्या खोलीत चटईवर पेपर घेऊन बसली. दहा मिनिटांत पुन्हा आत जाऊन बसायचं, असं तिनं ठरवलं होतं.

लाल पेन चालत होतं आणि डोळे मिटत होते. एका पोरानं गाईवर निबंध लिहिला होता. तीच ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत होती. झोप घालवायला तिनं मान वर केली. शेजारी फोटोंचं खोकं होतं, नागूबाईनं जाताना तसंच उघडं टाकलेलं. सगळ्यात वर आईचा फोटो होता.

तो तिनं हातात घेतला तेव्हा तिच्या मनात धुळाप्पा नव्हता. आईचा चेहरा बघावा एवढंच होतं.

खुर्चीवर माणूस बसला होता.

दचकायला हवं होतं, पण ती दचकली नाही. तो तिथं नव्यानं आल्यासारखा वाटतच नव्हता. गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात, धोतराचा सोगा, थोडी वाकलेली पाठ. तोंड आईकडे वळलेलं होतं, त्यामुळं कानामागचा तेवढा भाग दिसत होता. तिनं बघितलं आणि तिला ओळख पटली. त्याबरोबर नऊ वर्षांची ती आठवली, बोळातली अंधारी खोली, आईचं कण्हणं, कानांत बोटं घालून भिंतीकडे तोंड केलेलं, आणि मग कुणीतरी तिच्या अंगावर नीट ओढलेली चादर. झोप बाळ, मी बसतो. आणि मग कण्हणं थांबलं होतं. किती छान झोप लागली होती त्या दिवशी. हे सगळं आजवर कुठं होतं, तिला कळेना. हे खरंच घडलं होतं की आत्ता घडत होतं, तेही कळेना.

आतल्या खोलीत फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

खुर्ची गॅलरीत होती. दाराला कडी होती. बसल्या जागेवरून तिला ती कडी दिसत होती.

"बंदा," अप्पांचा आवाज आला. घाबरले की ते कानडीत बोलायचे. "सिद्धव्वा, बंदा, अंव बंदा." आला, तो आला.

उठायला हवं, असं तिला स्पष्ट वाटलं. आत जाऊन कॉटच्या कडेवर बसायला हवं. पाच पावलं. तिनं लाल पेनाला टोपण लावलं, पेपर सारखे केले, आणि हात जमिनीवर टेकला.

अप्पा पुन्हा काहीतरी म्हणाले, मग गप्प झाले. मग अगदी हळू, दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं, ते म्हणाले, "कुंद्रु." बस. कण्हणं थांबलं. कितीतरी महिन्यांत ते घर इतकं शांत झालं नव्हतं.

एकच क्षण, सिद्धेश्वरीला वाटलं. एवढा एक क्षण टेकते आणि उठतेच. तिनं पेपरांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवलं.

९

ती उठली तेव्हा दिवेलागण झाली होती. अंग हलकं होतं. गालावर लाल शाईचा डाग उमटला होता. कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि थोडा वेळ तिला आपण किती सुखात आहोत असंच वाटत राहिलं. मग ती आत गेली.

अप्पांची चादर गळ्यापर्यंत नीट ओढलेली होती. केस विंचरलेले होते. तोंड मिटलेलं, शांत. उशापाशी प्लास्टिकची खुर्ची होती, कॉटच्या इतकी जवळ की बसणाऱ्याचे गुडघे गादीला टेकले असते. खुर्चीच्या बैठकीला हात लावून बघावा, असं तिच्या मनात आलं. तिनं लावला नाही.

श्रीशैल रात्रीच्या गाडीनं निघाला आणि सकाळी पोचला. नातेवाईक जमले, स्वामी आले. त्यांच्या समाजात मृताला बसवून पुरतात, म्हणून अप्पांना बसतं करायचं होतं. भस्म लावलं, हार आणले. टेकवून बसवायला कुणीतरी तीच खुर्ची पुढं ओढली.

"ती नको," सिद्धेश्वरी म्हणाली. "शेजारून दुसरी आणा."

का, म्हणून कुणी विचारलं नाही. श्रीशैल तेवढा तिच्याकडे बघत राहिला, आणि मग स्वतःच शेजारच्या घरी गेला.

१०

दिवस झाले, पाहुणे पांगले. सिद्धेश्वरी शाळेत जायला लागली. रात्री अंथरुणाला पाठ लागली की तिला झोप लागायची, गाढ, स्वप्नं नसलेली. सकाळी उठली की पहिला क्षण बरा जायचा. त्यानंतरचा जायचा नाही. तेव्हा ती उठून चहा करायची आणि चहा गार होईपर्यंत ओट्याशी उभी राहायची.

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरची भुवनेश्वरी भेटायला आली. तिला आधी यायचं होतं, पण घर सोडता येत नव्हतं. सासूला अर्धांगवायू झालेला, नवरा फिरतीवर. भुवनेश्वरी पस्तिशीचीही नसेल. तिचा ब्लाउज उलटा घातलेला होता आणि ते तिला माहीत नव्हतं.

"तुमचं सगळं मी बघत होते हो," ती म्हणाली. "कसं केलंत एकटीनं? मला तर आता माणूस नको असं झालंय. परवा मी त्यांच्यावर ओरडले. त्यांना कळत नाही, तरी ओरडले."

"होतं तसं," सिद्धेश्वरी म्हणाली.

"झोप नाही ना. झोप मिळाली तर मी सगळं करीन."

खोकं कोपऱ्यात होतं. सगळं जाळून टाकायचं असं सिद्धेश्वरीनं रोज ठरवलं होतं. भुवनेश्वरी बोलता बोलता तिकडं वळली, वरचा फोटो तिनं सहज उचलला. "ह्या तुमच्या आई का? जवळ कुणी नाही हो त्यांच्या? खुर्ची मोकळीच दिसते."

"मोकळीच आहे," सिद्धेश्वरी घाईघाईनं म्हणाली, आणि फोटो काढून घेऊन तिनं उलटा ठेवला. हे एवढं तरी आपण केलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात खालून हाक आली. हाक कसली, शब्द नसलेला एक लांब सूर. भुवनेश्वरीचे डोळे मिटले. ती भिंतीला हात लावून उठली, पदर खोचला, आणि दारापर्यंत गेली. दारात ती थांबली. जिन्याकडे बघत नुसती उभी राहिली, पाय उचलत नाही म्हणून.

सिद्धेश्वरी तिच्या पाठीकडे बघत होती. ती पाठ तिला ओळखीची होती. तिच्या हातानं फोटो पुन्हा सुलटा केला होता, आणि ते तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं हात मागं घेतला नाही.

"भुवना," ती म्हणाली, "जरा ये. आमच्या बोळात एक जण होता, बसायला यायचा."

भुवनेश्वरी वळली.